गावंडेभाऊंचं ओर्व्हिएतो

इटलीत एका डोंगराच्या माथ्यावर ओर्व्हिएतो नावाचं जुनं गाव आहे. त्या गावातल्या कोणत्या लॉजमध्ये गरम पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं, कोणत्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही आणि कोणत्या मालकिणीला दुपारी घंटी वाजवलेली खपत नाही, हे सगळ्या अमरावतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्याच्याकडे पासपोर्टही नव्हता.

गावंडेभाऊ मोजणी खात्यात भूकरमापक होते. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक अकोला जिल्ह्यात. भावाभावांची भांडणं लागली की हे वावरात जायचे, साखळी टाकायचे आणि धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, कुठून जातो ते दाखवायचे. दोन्ही भाऊ नाराज व्हायचे. उन्हानं त्यांचा चेहरा कायमचा करपलेला आहे आणि आवाज कोरडा. कोणी हसलं की ते त्याच्याकडे जरा काळजीनं पाहतात. निवृत्तीनंतर त्यांनी राजापेठेमागे आमच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. माझ्याकडे कॉम्प्युटर आणि प्रिंटर असल्याचं त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन वाजता गावंडेभाऊ दोरीची निळी फाईल काखेत मारून आमच्याकडे येतात.

"सर, बसू का जरासा?" असं विचारतात तेव्हा ते बसलेले असतात.

फाईलमध्ये फक्त ओर्व्हिएतोची हॉटेलं. प्रत्येक हॉटेलला एक पान, पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं नंबर, आणि खाली भाऊंच्या वळणदार सरकारी अक्षरात शेरा. 'जिना अरुंद. मालक चिडका.' 'न्हाणी बाहेर. वापस विचारणे.' 'गादी मऊ. कंबरेस बाधक.' मी त्यांना पाहुण्यांचे अभिप्राय वाचून दाखवायचो. ते मला फक्त तक्रारी वाचायला लावायचे.

"चांगलं लिवलेलं वाचू नका," ते म्हणायचे. "चांगलं त्याचा साळाच लिवते. ज्यानं शिव्या देल्ल्या, तोच खरा राहून आला."

अशा रीतीनं गेल्या आठ वर्षांत जगभरच्या नाराज माणसांनी आमच्या बैठकीत हजेरी लावली. कुणाला उशी कडक वाटली होती, कुणाच्या खोलीत पाल निघाली होती, कुणाला पहाटे चार वाजता खालच्या बेकरीच्या आवाजानं जाग आली होती. भाऊ मान डोलवत ऐकायचे. हॉटेलात राहून दुःखी झालेल्या या लोकांबद्दल त्यांना फार जवळीक वाटायची.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. "नाश्ता धरून का?" खोलीचं भाडं सांगितलं की हा प्रश्न यायचा. पुढे तो त्यांच्या तोंडात इतका बसला की कुठेही निघायला लागला. माझा मेहुणा दवाखान्यात भरती झाला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं खोलीचं भाडं सांगितलं. मी काही बोलायच्या आत मागून भाऊंचा कोरडा आवाज आला, "नाश्ता धरून का?" कॉलनीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. बसायला गेलो असताना कुणीतरी म्हणालं, "मोठ्या मुक्कामाले गेले बिचारे." तेव्हा तिघाचौघांनी गावंडेभाऊंकडे पाहिलं. भाऊ काही बोलले नाहीत, पण मनातल्या मनात त्यांनी विचारलं असावं.

त्यांच्या अटी मात्र मला कधी कळल्या नाहीत. हॉटेल स्वस्त हवं, हे समजू शकतो. पेन्शनीत परदेश म्हणजे काय ते मीही जाणतो. पण त्या गावाच्या पायथ्याशी, रेल्वे स्टेशनजवळ, वरच्यापेक्षा निम्म्या भाड्यात खोल्या मिळतात आणि तिथून दोरीवर ओढली जाणारी छोटी गाडी पाच मिनिटांत वर नेते. मी हे कितीदा सांगितलं.

"नाही. वरतच पाह्यजे," ते म्हणायचे. "खाली राहाले इटलीले कायले जाऊ? बडनेऱ्यात राहीन."

वर ज्या हॉटेलांच्या खिडक्या दरीकडे उघडतात, त्यांची खरी ख्याती. द्राक्षांचे मळे, धुकं, सूर्यास्त, सगळं खिडकीतून दिसतं. भाऊंनी ती सगळी हॉटेलं पहिल्याच वर्षी लाल पेन्सिलीनं खोडली. त्यांना आतल्या गल्लीकडे खिडकी हवी होती.

"दरी काय पाहाची," म्हणाले. "गल्लीतून माणसं जातात. लेकरं शाळेत जातात. ते दिसलं पाह्यजे."

"पण भाऊ, ओर्व्हिएतोच काहून?" मी एकदा वैतागून त्यांच्याच भाषेत विचारलं.

"जुनं गाव हाये."

"जुनं तर आपलं अचलपूरही आहे."

त्यावर त्यांनी बराच विचार केला. "अचलपुरात माहे चुलतभाऊ राहतात," ते म्हणाले. "ते लॉजवर उतरू देत नाहीत."

मी हसलो. त्यांनी नेहमीसारखं काळजीनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

एकदा तर त्यांनी मला बाळापूरला नेलं. ओर्व्हिएतोच्या गल्ल्या दगडी फरशांच्या आणि चढाच्या आहेत, तिथे चाकांची बॅग चालते की उचलावी लागते, याची परीक्षा घ्यायची होती. अमरावतीत चढ नाही, म्हणून बाळापूरचा किल्ला. मे महिन्यात, एसटीनं, रिकामी बॅग मांडीवर घेऊन आम्ही गेलो. बॅग रिकामी नको म्हणून भाऊंनी अकोल्याच्या स्टँडवर उतरून तिच्यात दोन विटा टाकल्या. किल्ल्याच्या दरवाज्याकडच्या चढावर ते बॅग ओढत वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. दरवाज्यात सावलीला बसलेल्या राखणदारानं विचारलं, "कुठी जाऊन राहिले बापा, बॅग घेऊन?"

"इटलीले," भाऊ म्हणाले.

राखणदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिसऱ्या फेरीत चाक निखळलं आणि उतारावरून गडगडत खाली गेलं. भाऊंनी ते उचलून खिशात घातलं. येताना एसटीत अकोला मागे पडल्यावर म्हणाले, "हातात उचलूनच न्या लागते. मंग तिच्या कपड्याचं ओझं जास्त नाही पाह्यजे." तिच्या म्हणजे गावंडेवहिनींच्या. त्याही जाणार आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

गावंडेवहिनी कमी बोलणाऱ्या. आमच्या घरी फारशा यायच्या नाहीत. भाऊंच्या फाईलचा विषय निघाला की त्या पदरानं चष्मा पुसायच्या, एवढंच.

त्या चष्म्यानंच पुढे सगळं हलवलं. वहिनींची नजर कमी होत चालली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय, मोतीबिंदू असता तर काढला असता, याला उपाय नाही. दोन वर्षं, फार तर तीन. त्या रविवारी भाऊ आले, बसले, फाईल उघडली नाही.

"सर, पासपोर्ट काहाडा लागते," ते म्हणाले. "दोघाईचा."

"आता खरंच जायचं?"

"डॉक्टर म्हने, पाहाचं ते पाहून घ्या." मग म्हणाले, "मले नाही. तिले म्हने."

मग मात्र भराभर झालं. शेवटी हॉटेल पक्कं केलं ते एका मठातलं. ख्रिस्ती साध्वी ते चालवतात. लोखंडी खाट, भिंतीवर क्रूस, रात्री साडेदहाच्या आत परत यायचं आणि बाहेरच्या माणसाला वरच्या खोलीत आणायचं नाही. नियमांची ती यादी मी वाचून दाखवली तेव्हा भाऊंच्या चेहऱ्यावर मी आठ वर्षांत पहिल्यांदा समाधान पाहिलं. "डाकबंगल्यावानी हाये," म्हणाले. "सेमाडोहले मोजणीच्या वक्ती राह्यलो होतो, तसं." त्यांनी सांगितलेलं पत्र मी इंग्रजीत करून पाठवलं. 'आम्ही दोघे म्हातारे आहोत. तिला कमी दिसते. मला कमी ऐकू येते. गल्लीकडची खोली द्यावी. नाश्ता धरून किती?' दुसऱ्या दिवशी एका साध्वीचं उत्तर आलं. गल्लीकडची खोली ठेवली आहे, पाच रात्री, आणि नाश्ता धरून.

व्हिसाचा फॉर्म भरायला ते एकटेच बसले. नाव, गाव, नोकरी, पेन्शन सगळं झालं. एक रकाना होता, तिकडे नात्यातलं कोणी राहतं का.

"नाही लिवा," भाऊ म्हणाले.

मी लिहिलं. प्रवासाचा हेतू? "जुनं गाव पाहाचं." तेही लिहिलं. त्यांनी सही केली. मोजणीच्या नकाशाखाली करायचे तशी, तारखेसकट, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी कॉलेजातून येऊन चपला काढतोय तोच गावंडेवहिनी दारात. एकट्या. हात भिंतीला लावून आल्या होत्या.

"माहा फॉर्म अलग भरा, सर," त्या म्हणाल्या. "त्यात पोरीचं नाव लिवा लागते."

"कोणत्या पोरीचं?"

त्या खुर्चीत बसल्या. माझी बायको सीमा पाणी घेऊन आली, तीही तिथेच थांबली. वहिनी बोलल्या ते सगळं मिळून दहा मिनिटं असेल. त्यांना एक मुलगी आहे, पल्लवी. जुन्या दगडी इमारतींची डागडुजी कशी करायची ते शिकायला ती इटलीत गेली. त्यासाठी भाऊंनी मूर्तिजापूरकडचं दोन एकर वावर विकलं आणि कुणी विचारलं तर आनंदानं सांगितलं. शिक्षण संपल्यावर तिनं तिकडच्याच एका माणसाशी लग्न केलं. आधी सांगितलं नाही. झाल्यावर फोटो पाठवला. ती आणि तिचा नवरा ओर्व्हिएतोला राहतात. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे.

"फोटो आला त्या दिवशी हे फोनवर बोलले तिच्याशी," वहिनी म्हणाल्या. "तुह्या घरचं पानी पेनार नाही, म्हने. तुह्या उंबरठ्यावर पाय ठेवनार नाही. बोलून गेले. ती बी यांचीच पोरगी. तिनं फोन ठेवला. मंग कोनी कोनाले केला नाही."

सीमा म्हणाली, "आणि हॉटेल?"

"दोन महिन्यानं एक दिवस जेवता जेवता म्हनाले, त्या गावात लॉज असन ना एखांदं." वहिनींनी चष्मा काढून पुसला. "घरी नाही म्हटलं ना. गावात नाही, असं कुठी म्हटलं होतं."

आठ वर्षं माझ्यासमोर उलगडलेली ती फाईल मला आठवत होती. मी तिच्यावर केलेले विनोद त्याहून जास्त आठवत होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करतो आणि ती छान वठते.

"तुमचं बोलणं होतं का तिच्याशी?" सीमानं विचारलं.

"रविवारी. दोन वाजता तिचा फोन येते."

"भाऊंना माहीत आहे?"

वहिनी पहिल्यांदा जराशा हसल्या. "रविवारी दोन वाजता ते तुमच्याकडं काहून येतात मंग," म्हणाल्या. "मागं ताप होता तरी आले होते. घरात असले तर मले मोकळं बोलता येत नाही ना."

मी वहिनींचा फॉर्म भरला. नात्यातलं कोणी: मुलगी. हेतू: मुलीला भेटणं. पल्लवीनं पाठवलेलं आमंत्रणाचं पत्र जोडलं. एकाच कॉम्प्युटरवर, एकाच घरातल्या नवराबायकोचे, एका दिवसाच्या अंतरानं, एकमेकांना खोटं पाडणारे दोन फॉर्म. मला ते दिसत होतं. त्या संध्याकाळी मी फाटकाशी भाऊंना गाठलं.

"भाऊ, वहिनींनी वेगळा फॉर्म भरलाय. तुमचाही बदलून घेऊ का?"

"तिचा फॉर्म तिचा," ते म्हणाले. "मी काहून पाहू."

"अडचण येईल."

"मी जुनं गाव पाहाले चाललो," ते म्हणाले, आणि झाडांना पाणी घालायला लागले. झाड एकच होतं, कढीपत्त्याचं. बराच वेळ घालत राहिले. मी जास्त बोलायला हवं होतं. शेजारी म्हणून नाही, तर निदान तो फॉर्म ज्याच्या हातून गेला तो माणूस म्हणून. पण त्यांनी पाठ फिरवली होती आणि मला ते सोयीचं वाटलं.

मुंबईला जाऊन दोघं बोटांचे ठसे देऊन आली. तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. वहिनींना व्हिसा मिळाला होता. भाऊंच्या पाकिटात एक छापील कागद होता, आणि त्यावरच्या दहा-बारा चौकटींपैकी एकीत फुली होती. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"काय लिवलं?"

मी मराठीत सांगितलं. "प्रवासाच्या हेतूबद्दल दिलेली माहिती विश्वास ठेवण्यासारखी नाही."

भाऊंनी कागद परत घेतला, त्या फुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ पाहिला. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना कागद दाखवून सांगितलं होतं, धुरा इथून आहे, तुमचं म्हणणं खोटं.

"बराबर हाये त्याईचं," ते म्हणाले.

पुन्हा अर्ज करता आला असता. मी दोनदा म्हणालो, सीमा एकदा म्हणाली. पण वेळ गेला असता, वहिनींची नजर थांबली नसती, आणि त्या रकान्यात यावेळी काय लिहायचं हा प्रश्न भाऊंपुढे असताच. ते नाही म्हणाले. वहिनीही एकटी जाणार नाही म्हणून अडून बसल्या. दोन दिवस त्या घरातून भांड्यांचाही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ आले आणि म्हणाले, "मठातल्या बाईले कळवा, खोली नोको. ती पोरीकडं राहीन."

"वहिनी तयार झाल्या?"

"मी म्हटलं, दोघं बसून आंधळे होऊ का."

मी साध्वीला पत्र लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं. वाईट वाटलं, तुमच्यासाठी प्रार्थना करू, पुढे कधी आलात तर तीच खोली देऊ. मी ते भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "नाश्त्याचं काही लिवलं का?" मी म्हणालो, नाही. "हं," म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी नागपूरच्या विमानतळावर मी दोघांना गाडीनं घेऊन गेलो. वहिनींच्या बॅगेत ओझं कमी होतं. एक नवी साडी, औषधं, मुगाच्या वड्या, वाळवणातले सरगुंडे आणि नातीसाठी शिवलेला एक परकर. पोलिसांच्या पुढे सोबतच्यांना जाऊ देत नाहीत. भाऊ काचेबाहेर उभे राहून वहिनी दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले, आणि त्यानंतरही. परतीच्या रस्त्यात तिवशाजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "रोमले उतरली की पोरगी येईन घ्याले. तिथून रेल्वे सव्वा तास. खिडकीशी बसजो म्हटलं." मग चहा न पिताच गाडीत जाऊन बसले.

वहिनी पोचल्या. भाऊंना रोज एकदा फोन यायचा, दोन मिनिटांचा. जेवली का, गोळी घेतली का, इतकंच. ते एकटे खिचडी टाकायचे. सीमा डबा पाठवायची, तो दुसऱ्या दिवशी धुवून परत यायचा. कॉलनीतले लोक त्यांना विचारायचे, "काय भाऊ, हॉटेल कसं भेटलं?" आणि ते म्हणायचे, "भेटलं ना." लोकांना वाटायचं, यात नेहमीसारखा काही विनोद आहे.

दुसऱ्या आठवड्यातला रविवार. मे महिना, दुपारी दोनची वेळ. आमचा कूलर बैठकीत विमानासारखा घोंघावत होता आणि तरी भिंतींना हात लावता येत नव्हता. भाऊ आले. आता त्यांच्या घरात कुणाला मोकळं बोलायचं नव्हतं, तरी आले. फाईल नव्हती. नुसते बसले, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून.

थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात.

"आवं, मी हरपली," वहिनींचा आवाज. "सकाळी जराशी फिराले निंगाली. आता गल्ल्या सारख्याच दिसून राहिल्या. पल्लवी फोन उचलत नाही, न्हाऊन राहिली असन. इथं कोनाचं बोलनं समजत नाही."

भाऊ ताठ बसले.

"घाबरू नोको. कुठी उभी हायेस?"

"काय सांगू कुठी. मोठा चौक हाये. उंच काहीतरी हाये, धुरकट."

"त्यावर घंटा हाये का? वाजली का आता?"

"वाजली. अर्ध्या तासाची."

"मंग समज तू आपल्या अमरावतीच्या राजकमल चौकात उभी हायेस," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता, मोजणीच्या दिवशी पाटलांशी आणि दोन्ही भावांशी बोलत असतील तसा. "घंटेकडं पाठ कर. केली? आता सरळ नाकासमोर चाल. रस्ता पायाले उताराचा लागते का?"

"लागते."

"बराबर. डाव्या हाताले भिंत येईन, खडबडीत दगडाची. तिले हात लाव. भिंत सोडू नोको. ती संपते तिथं कमान हाये. कमानीतून नाही जायचं."

मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी डोळे मिटले होते आणि उजवा हात हवेत किंचित वळत होता, जणू त्यांच्याच हाताखालून ती भिंत सरकत होती.

"भाकरीवानी वास येऊन राहिला," वहिनी म्हणाल्या.

"येईनच. बेकरी हाये. आता उजवीकडं बारीक गल्ली. दोन पायऱ्या उतराच्या हायेत, तिसरी तुटकी हाये, तिच्यावर पाय नोको ठेवू. हळू. उतरली?"

"उतरली."

"आता दरवाजे मोज. एक निळा, एक लोखंडाचा. तिसरा हिरवा. बाजूले मातीच्या दोन कुंड्या. सतरा नंबर हाये. घंटी उजवीकडं, तुह्या खांद्याइतकी."

मी नकळत म्हणालो, "भाऊ, तुम्हाला—"

"दिवाळीच्या पार्सलावर पत्ता मीच लिवतो," ते डोळे न उघडता म्हणाले. "बाकी फोनच्या नकाशात गल्लीचे फोटू दिसतात."

म्हणजे हा माणूस त्या लहानशा पडद्यावरून त्या गल्लीत किती वेळा जाऊन आला होता कोण जाणे. पायऱ्यांपर्यंत, कुंड्यांपर्यंत, त्या दारापर्यंत. तिथून रोज परत फिरला होता.

फोनमधून घंटीचा आवाज आला. मग दार उघडल्याचा. आणि एका बाईचा आवाज, धावत आल्यासारखा, "आई, कुठी गेली होतीस तू? मी खाली पाहून आली, कुठीच नाही." इतकी वर्षं परदेशात राहूनही बोली तीच, अकोल्याची. भाऊंनी डोळे उघडले.

"हरपली होती," वहिनी म्हणत होत्या. "आली बरोब्बर." मग पर्स ठेवल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज. फोन बंद करायचं वहिनींना सुचलं नव्हतं. तो तिथेच कुठेतरी टेबलावर पडला असावा. एक लहान मुलगी तिच्या भाषेत काहीतरी विचारत होती, दोनदा, तीनदा. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला ते समजलं असेल असं त्यांना वाटलं. मी नाही म्हणून मान हलवली.

नळ सुटल्याचा आवाज आला. "थंड पाणी पे आधी," पल्लवी म्हणाली. ग्लास भरल्याचा आवाज आला.

भाऊंनी बोट लावून स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी धरला. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी फोनच्या खालच्या टोकावर दाबून धरला, इकडचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून. आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. सीमा चहा घेऊन आली. त्यांनी पाहिलंही नाही. ते पुढे वाकून, श्वास धरून, ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं कूलरकडे खूण केली.

मी उठलो आणि कूलर बंद केला. वऱ्हाडात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणी असं करत नाही. घोंघाट थांबला, खोली हळूहळू तापायला लागली. आम्ही तिघंही न हलता बसून राहिलो.